सोयाबीनच्या चौदा जाती

जुलै महिना म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. लातुरात गंजगोलाईपासून पाच मिनिटांवर माझी खोली आहे. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि जूनपासून वाढत जाणारी फायलींची चळत. शिक्षक, आडते, औषध दुकानदार, एखादा नुकताच नोकरीला लागलेला पोरगा, सगळे रिटर्न भरायला येतात. त्या गर्दीत औसा तालुक्यातले जिल्हा परिषद शाळेवरचे एक गुरुजी आले. फॉर्म सोळा दिला, गृहकर्जाचं प्रमाणपत्र दिलं आणि मग पिशवीतून नऊ पानांचं स्टेटमेंट काढून टेबलावर ठेवलं. म्युच्युअल फंडांचं. योजना चौदा, एसआयपी, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, महिन्याला पंधरा हजार.

"सगळीकडं थोडं थोडं टाकलंय साहेब," ते म्हणाले. "एक बुडालं तरी दुसरं हाय."

चहा येईपर्यंत वेळ होता. मी एकेका फंडाचा महिन्याचा तक्ता, म्हणजे त्याचा पैसा कोणत्या कंपन्यांत आहे ती यादी, संगणकावर उघडत गेलो आणि त्यांना पहिल्या पाच कंपन्या मोठ्यानं वाचायला लावल्या. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स, इन्फोसिस. दुसऱ्या फंडात तीच नावं, क्रम थोडा वेगळा. तिसऱ्यात तीच. पाचव्या फंडाला मी तक्ता उघडण्याआधीच गुरुजींनी नावं म्हणून दाखवली, पाढे म्हणावे तशी. चौदापैकी अकरा फंडांत पहिली दोन-तीन नावं सारखीच निघाली. उरलेल्यांत एक तर निव्वळ बँकांचा फंड होता.

मी विचारलं, "गुरुजी, शेती किती?"

"साडेचार एकर."

"यंदा काय पेरलं?"

"सोयाबीन. मधी तूर."

"मग तूर कशाला? सोयाबीनच्याच चौदा जाती पेरायच्या की. थोडं जेएस ३३५, थोडं एमएयूएस ७१, थोडं फुले संगम."

ते हसले. मग हसता हसता थांबले आणि स्टेटमेंटची पानं पुन्हा उलटायला लागले.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विविधीकरण हा शब्द माहीत नसेल, पण ती गोष्ट त्याच्या वाडवडिलांपासून अंगवळणी पडलेली आहे. चार तासं सोयाबीन, दोन तासं तूर. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत निघतं, त्याची मुळं वरच्या वर. तुरीचं सोटमूळ खोल जातं आणि ती जानेवारीपर्यंत उभी असते. ऑगस्टात पावसानं ताण दिला तर सोयाबीन शेंगेत भरत नाही, तूर तग धरते. ऐन काढणीत पाऊस आला तर सोयाबीन शेतातच काळं पडतं, तूर अजून फुलोऱ्यात असते. दोन्ही पिकं एकाच रानात, तरी दोघांचं मरण वेगवेगळ्या तारखेला असतं. विविधीकरण म्हणतात ते एवढंच: किती गोष्टी घेतल्या हे मोजू नये, त्या एकाच वेळी एकाच कारणानं पडतात का ते बघावं.

आता माझा मुद्दा. म्युच्युअल फंड कसा निवडावा यावर जेवढं बोललं जातं, ते सगळं फंडापासून सुरू होतं. कोणत्या फंडानं किती परतावा दिला, कुणाला किती तारे, कोणता मॅनेजर. माझ्या मते आपल्या भागात ही सुरुवातच चुकते. आधी घरात काय आहे ते मांडावं. सातबारा, सोनं, प्लॉट, पतसंस्थेतली ठेव, नोकरी, पोरांचं शिक्षण. फंडाचं नाव सगळ्यात शेवटी यावं.

कारण मांडून बघितलं की दिसतं ते भीतीदायक असतं. आपल्याकडच्या साधारण सुस्थितीतल्या घराची जवळपास सगळी संपत्ती वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असते. जमीन गावात, प्लॉट तालुक्याच्या बायपासला, ठेव त्याच तालुक्यातल्या पतसंस्थेत, भावाचं खताचं दुकान त्याच बाजारपेठेत. आणि या सगळ्याचा मालक एकच, मोसमी पाऊस. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा फक्त नळ कोरडे पडले नव्हते. प्लॉटला गिऱ्हाईक नव्हतं, कापडाच्या दुकानात उठाव नव्हता, उसनवारी परत येत नव्हती. त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पंधरा-पंधरा वर्षं जपलेली झाडं लोकांनी सरपणाला तोडली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं झालं, पावसानं रानंच्या रानं खरवडून नेली. दुष्काळ असो की अतिवृष्टी, फटका बसतो तो घरातल्या सगळ्या खात्यांना एकदम.

म्हणून फंडाची पहिली परीक्षा मी अशी घेतो: आमच्याकडं पाऊस पडला नाही तर याचं काय होईल? देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्स फंडाला, म्हणजे निवड न करता त्या पन्नासांत ठरल्या प्रमाणात पैसे घालणाऱ्या फंडाला, लातूरच्या पावसाचं फारसं सुखदुःख नाही. बँकांच्या कर्जाला, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या डॉलरला, औषधांच्या निर्यातीला मांजरा धरणाची पातळी विचारून चालत नाही. हीच त्याची आमच्यासाठी खरी किंमत.

याच्या नेमकं उलटं उदाहरण. ट्रॅक्टरची एजन्सी असलेल्या एका ओळखीच्या माणसाला ग्रामीण भागाच्या वाढत्या खरेदीवर बेतलेला थीमॅटिक फंड विकला गेला. विकणाऱ्यानं सांगितलं, तुम्हाला हा धंदा कळतो, म्हणून हाच घ्या. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्या माणसाचं दुकान, त्याची उधारी, त्याची जमीन आणि आता त्याचा फंड, चारही एकाच ढगाकडं तोंड करून बसले. मुंबईतल्या सॉफ्टवेअरवाल्यानं तो फंड घेतला तर एक वेळ समजू शकतं. ट्रॅक्टरवाल्यानं घेऊ नये.

पतसंस्थांबद्दल थोडं बोलावंच लागेल. गेल्या काही वर्षांत बीड, संभाजीनगर आणि आसपास पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बंद पडल्या, निवृत्त लोकांचे, एकट्या बायकांचे, ऊसतोडीतून साठवलेले पैसे अडकले. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे काउंटरवर पाटीवर लिहिलेलं नसतं. तिथं लिहिलेला असतो व्याजदर. आणि शेअर बाजार म्हणजे जुगार असं सांगत ज्यांनी आयुष्यभर म्युच्युअल फंडाकडं पाठ फिरवली, त्यातल्या कित्येकांनी सगळी पुंजी एकाच संस्थेत, एकाच चेअरमनच्या भरवशावर ठेवलेली होती. एका माणसावर सगळं लावणं हा जुगार नाही का, असा प्रश्न मला विचारायचा असतो. पण समोरचा माणूस आधीच रडकुंडीला आलेला असतो, मग विचारवत नाही.

बरं, घराचा हिशेब मांडला. आता फंड. इथं आपल्या भागाला एक रोग आहे आणि तो बाजार समितीतून आला आहे. २०१५ मध्ये तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर गेली. पुढच्या हंगामात ज्यानं त्यानं तूर लावली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला तूर हमीभावाच्या, म्हणजे पाच हजार पन्नासच्याही खाली आली. खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला म्हणून काटे बंद झाले. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीननं दहा हजारांचा भाव दाखवला. आपला माल बाजारात यायला लागला तोवर भाव निम्म्यावर. मागच्या वर्षीचा भाव बघून यंदाची पेरणी करायची, ही चूक आपण एवढ्या वेळा केली आहे की तिच्यावर आपला अधिकारच असायला हवा.

आणि फंड निवडताना तेच करतो. मोबाइलवर यादी उघडायची, एका वर्षाच्या परताव्यानं लावायची आणि वरून पहिले तीन घ्यायचे. मार्च २०२१ च्या अखेरीस निफ्टीचा, म्हणजे त्याच पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, एका वर्षाचा परतावा सत्तर टक्क्यांच्या वर दिसत होता. कारण मागचं टोक होतं मार्च २०२०, कोरोनाच्या भीतीनं बाजार कोसळलेला महिना. दुष्काळाच्या वर्षाशी तुलना केली तर कुणाचंही रान सोन्याचं दिसतं. म्हणून एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचा परतावा बघण्यापेक्षा रोलिंग परतावा बघावा. समजा पाच वर्षांचा घेतला, तर गेल्या पंधरा वर्षांत कुठल्याही दिवशी पैसे घातले असते तर पाच वर्षांनी काय हाती आलं असतं, त्याची सगळी उत्तरं. सगळ्यात वाईट उत्तर किती वाईट होतं तेही त्यात दिसतं, आणि माझ्या मते सरासरीपेक्षा तेच आधी बघावं.

स्मॉल कॅपवाल्यांना मी हे मुद्दाम सांगतो. जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या सव्वादोन वर्षांत छोट्या कंपन्यांचा निर्देशांक साठ टक्क्यांहून जास्त पडला. लाखाचे चाळीस हजारही राहिले नाहीत. नंतर तो वर आला, खूप वर आला. पण त्या सव्वादोन वर्षांत ज्याच्या पोरीचं लग्न होतं त्याला त्या नंतरचा काय उपयोग?

लार्ज, मिड, स्मॉल हे शब्द विकणाऱ्याच्या मर्जीवर नाहीत, हे एक बरं झालं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, व्याख्याच ठरवून दिल्या. बाजारमूल्यानं पहिल्या शंभर कंपन्या लार्ज कॅप, एकशे एक ते अडीचशे मिड, त्यापुढच्या स्मॉल. लार्ज कॅप फंडानं किमान ऐंशी टक्के पैसे पहिल्या शंभरातच घालायचे. म्हणजे तुम्ही तीन लार्ज कॅप फंड घेतले तर तिघेही त्याच शंभर कंपन्यांच्या रांगेत उभे. शंभरातल्या मोठ्या पंचवीस कुणालाच टाळता येत नाहीत. गुरुजींच्या अकरा फंडांचं गुपित एवढंच होतं. आणि या गटातले बहुतेक मॅनेजर दीर्घ काळात निर्देशांकाच्या पुढं टिकत नाहीत. तरीही त्यांच्या कौशल्याची फी आपण दर वर्षी भरतो. निफ्टीचा साधा इंडेक्स फंड वर्षाला शेकडा वीस पैशांच्या आसपास खर्चात मिळतो. मोठ्या कंपन्यांसाठी तो घ्यावा आणि विषय संपवावा.

खर्चाचं गणित लोकांना क्षुल्लक वाटतं, म्हणून मी ते पाटीवर मांडून दाखवतो. महिना पाच हजार, वीस वर्षं. बारा टक्क्यांनी वाढले असं धरलं तर पन्नास लाखांच्या आसपास होतात. अकरा टक्क्यांनी धरलं तर पावणेचव्वेचाळीस लाखांच्या आसपास. घातलेले पैसे दोन्हीकडं बाराच लाख. म्हणजे एक टक्क्याची किंमत सव्वासहा लाख, घातलेल्या पैशाच्या निम्म्याहून जास्त. बारा टक्के मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही, मीही नाही. पण खर्च मात्र नक्की कापला जातो.

मग एजंट नकोच, सगळं डायरेक्ट घ्या, असं शहरातले जाणकार सांगतात. जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आहेत, कमिशन नाही, खर्च कमी. मला हा सल्ला अर्धाच पटतो. मार्च २०२० मध्ये घाबरून पैसे काढायला निघालेल्या माणसाच्या घरी जाऊन, चहा पिऊन, त्याला थांबवणारा एजंट आमच्या गावात होता. त्यानं त्याचं वर्षाचं पाऊण टक्का कमिशन एका संध्याकाळी वसूल करून दिलं. पण दर दिवाळीला नवा एनएफओ, म्हणजे नुकताच विक्रीला आलेला फंड, घेऊन येणारा आणि जुना मोडायला लावणारा एजंट वेगळा. एनएफओचं त्याचं ठरलेलं वाक्य असतं, "युनिट फक्त दहा रुपयाला, स्वस्त आहे." दहा रुपयांचं युनिट स्वस्त आणि दोनशेचं महाग, हे म्हणजे पावकिलो तुरीची पिशवी क्विंटलच्या पोत्यापेक्षा स्वस्त म्हणण्यासारखं. आत काय भरलंय ते विचारा. नव्या फंडाला तर मागचं रेकॉर्डही नसतं.

एसआयपीवरही माझी एक तक्रार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातली महिन्याची एसआयपी पंचवीस हजार कोटींच्या वर गेली, त्याचा बराच गाजावाजा झाला. चांगलंच आहे. पण महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम कापणारी ही रचना पगारदारासाठी आहे. आमच्या शेतकऱ्याकडं पैसा दोनदा येतो, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा, संक्रांतीनंतर तुरीचा. ऊसवाल्याचं बिल कारखान्याच्या मनात येईल तेव्हा. मे ते ऑगस्ट खात्यात खडखडाट. त्याला एसआयपी लावून दिली की जूनमध्ये, ऐन बियाणं-खताच्या वेळी हप्ता परत जातो, बँक दंड कापते, लागोपाठ तीनदा झालं की एसआयपी बंद पडते, आणि तो म्हणतो, फंडात काही राम नाही. त्याला सांगायला हवं ते असं: आडतीची पट्टी हातात आली की वर्षाचा खर्च आणि पेरणीचा पैसा बाजूला काढ, उरलेलं लिक्विड फंडात, म्हणजे अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात टाक, तिथून महिन्याला थोडं थोडं इंडेक्स फंडात जाऊ दे. याला एसटीपी म्हणतात. लिक्विड फंडातला पैसा मागितला तर पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतो, म्हणून अडीनडीलाही तो चालतो. हे करून देणारे लोक आहेत, पण एसआयपीचा फॉर्म भरून घेणं सोपं, म्हणून हे कुणी सांगत नाही.

आणि ज्याच्या डोक्यावर सावकाराचं महिना शेकडा तीनचं कर्ज आहे त्यानं फंडाचं नावच काढू नये. ते वर्षाला छत्तीस टक्के होतात. छत्तीस टक्क्यांनी दर वर्षी वाढणारा फंड मी तरी बघितला नाही, आणि कुणी दाखवला तर आधी पोलीस ठाण्याचा नंबर शोधावा. ते कर्ज फेडणं हीच त्याची गुंतवणूक.

मग किती फंड पुरेत? तीन. चौथ्यासाठी कारण सांगता आलं पाहिजे. मोठ्या कंपन्यांचा एक इंडेक्स फंड, निम्मा किंवा त्याहून जास्त पैसा तिथं. एक फ्लेक्सी कॅप, ज्यात मॅनेजरला लहान-मोठ्यांत हलायची मोकळीक आहे. पंधरा वर्षं हात लावायचा नसेल तर एक मिड कॅप. शेअर बाजाराबाहेरचा हिस्सा वेगळा. नोकरदाराचा पीएफ, एनपीएस, पीपीएफ यांत तो बहुतेक झालेलाच असतो, तो मोजायचा असतो एवढंच. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकाच्या एनपीएसमध्ये शेअरही असतात, तेही मोजावेत. सोनं तर आपल्या घरात असतंच, बायकोच्या अंगावरचंही. गोल्ड फंड घ्यायच्या आधी कपाट उघडून बघावं. परदेशी शेअरांचा फंड मला तत्त्वानं आवडतो, कारण तो आपल्या ढगांपासून सगळ्यात लांब. पण फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळं त्यांची दारं उघडझाप करतात, भरवसा धरता येत नाही.

हे सगळं फार साधं आहे, असं मला एका बँकेतल्या तरुण अधिकाऱ्यानं ऐकवलं होतं. श्रीमंत ग्राहकांना आम्ही वीस-वीस फंड देतो, म्हणाला. देत असतील. मी सेबीकडं नोंदणी केलेला सल्लागार नाही, रिटर्न भरून देणारा माणूस आहे. पण त्या वीस फंडांच्या विक्रीचा हिशेब शेवटी माझ्याच टेबलावर येतो. पानं मोजायला वेळ लागतो, नफा मोजायला लागत नाही.

गुरुजी दिवाळीनंतर पुन्हा आले. आम्ही चौदाचे कमी करायला बसलो. एकदम विकायचं नव्हतं. शेअर फंडावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढं साडेबारा टक्के. म्हणून विक्री मार्चच्या आधी आणि एप्रिलनंतर अशी दोन आर्थिक वर्षांत वाटली. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून यालाही नसेल, असं ते धरून चालले होते, तेवढा एक धक्का त्यांना बसला. दोन ईएलएसएस, म्हणजे कर वाचवणारे आणि तीन वर्षं मोडता न येणारे फंड होते, त्यांच्या शेवटच्या हप्त्यांची तीन वर्षं व्हायची होती, ते तसेच ठेवले. आता नव्या कररचनेत गेल्यामुळं त्यात नवा पैसा घालायचं कारणच उरलं नव्हतं. नऊ पानांवरच्या निम्म्या फोलिओंत नॉमिनी म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव होतं. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. ते आधी बदललं, बाकी मग.

शेवटी एक स्मॉल कॅप उरला. महिना पाचशे रुपये, आमच्या कुठल्याच हिशेबात न बसणारा. मी त्यावर रेघ मारणार तेवढ्यात गुरुजींनी पेनावर हात ठेवला.

"हे राहू द्या साहेब. बारावीतल्या पोरीनं निवडलंय. तिनं तक्ता करून दाखवला मला, का निवडलं ते."

"काय म्हणाली?"

"तुमच्या सगळ्या फंडांत हीच बँक हाय, म्हणली. ह्याच्यात नाही."

मी रेघ मारली नाही.